पंच्याण्णवावं प्रेत

मराठीत ऐतिहासिक रहस्यकथा लिहिल्या जाव्यात की नाही, यावरून नाशिकच्या वाचनकट्ट्यांवर अलीकडे बरीच तोंडातोंडी होते आहे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवत आलेल्या गावात पुस्तकांवरून भांडणं व्हावीत, हे मला आवडतं. पण हे भांडण चुकीच्या जागी अडकलं आहे. एक बाजू म्हणते, इतिहासात खून आणि तपास घुसवला की इतिहासाचा खेळखंडोबा होतो. कादंबऱ्यांनी पेशवाईचं आधीच पुरेसं वाटोळं केलं आहे. दुसरी बाजू म्हणते, अहो, ती करमणूक आहे, प्रवासात वाचायची. तिला इतिहासाच्या तागडीत कशाला घालता? वरवर ही दोन टोकं दिसतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे: रहस्यकथा म्हणजे हलकी गोष्ट. पहिल्यांना त्या हलकेपणाची भीती वाटते, दुसऱ्यांना तो सोयीचा वाटतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. इतिहासावर कल्पित लिहिण्याच्या जितक्या रीती आज आपल्यासमोर आहेत, त्यांत नीट लिहिलेली रहस्यकथा ही सर्वांत प्रामाणिक रीत आहे; आणि जिथे इतिहासावरून उठसूट डोकी फुटतात, त्या महाराष्ट्रात तिची गरज सर्वांत जास्त आहे. नीट लिहिलेली म्हणजे कशी, हे सांगायला एका इंग्रज लेखिकेकडे जावं लागेल. या वादात तिचं नाव सगळे घेतात, पण तिने नेमकं काय केलं याकडे कोणी पाहत नाही.

एलिस पीटर्स हे टोपणनाव. खरं नाव एडिथ पार्जिटर, जन्म २८ सप्टेंबर १९१३, श्रॉपशरमधल्या हॉर्सहे या गावी. श्रॉपशर हा वेल्सच्या सरहद्दीला लागून असलेला इंग्लंडचा परगणा; शतकानुशतकं दोन भाषा, दोन कायदे आणि दोन राज्यं जिथे एकमेकांना घासत आली, असा मुलूख. वडील लोखंडाच्या कारखान्यात कारकून. पार्जिटरबाई विद्यापीठात गेल्या नाहीत. शाळा संपल्यावर त्यांनी डॉली या जवळच्या गावात औषधाच्या दुकानात काही वर्षं मदतनीस म्हणून काम केलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलात गेल्या, त्या कामाबद्दल पदक मिळालं. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाशी त्यांचं नातं जडलं. त्या चेक भाषा शिकल्या आणि यान नेरुदा, ह्राबाल अशा चेक लेखकांची इंग्रजी भाषांतरं त्यांनी केली. टोपणनावातलं एलिस हे भावाचं नाव. १९६३ मध्ये समकालीन पार्श्वभूमीच्या एका रहस्यकादंबरीसाठी त्यांना अमेरिकेचा एडगर पुरस्कार मिळाला. भारतात घडणाऱ्या दोन रहस्यकादंबऱ्याही त्यांच्या नावावर आहेत: १९६९ची दिल्लीतली आणि १९७२ची दक्षिणेतली, जमीनदारांच्या हत्यांभोवती फिरणारी. या सगळ्यानंतर, वयाची साठी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये त्यांनी बाराव्या शतकातला एक संन्यासी उभा केला. ब्रदर कॅडफेल त्याचं नाव. १९९४ पर्यंत त्याच्या वीस कादंबऱ्या झाल्या. १४ ऑक्टोबर १९९५ला पार्जिटरबाई गेल्या, त्याही श्रॉपशरमध्येच.

हा तपशील मी चरित्र सांगण्याच्या हौसेने देत नाही. औषधाच्या दुकानातली नोकरी, सरहद्दीवरचं घर आणि परक्या भाषेतून भाषांतर करण्याची सवय, या तीन गोष्टींतून कॅडफेल घडला आहे. तो वेल्श आहे, पण इंग्लिश मठात राहतो. तरुणपणी धर्मयुद्धात लढला, पुढे खलाशी झाला, आणि चाळिशीनंतर श्रूजबरीच्या बेनेडिक्टाइन मठात दाखल होऊन औषधी वनस्पतींची बाग सांभाळू लागला. १९८०च्या ‘मंक्स हूड’ या कादंबरीत खुनाचं हत्यार आहे त्याने स्वतः बनवलेलं सांधेदुखीचं तेल. आपल्या बचनागाच्या कुळातल्या वनस्पतीपासून केलेलं ते तेल चोळलं तर आराम देतं, पोटात गेलं तर जीव घेतं. बचनागाचं शोधन केल्याशिवाय औषधात वापरू नये हे आपल्याकडच्या वैद्यांना पूर्वापार माहीत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण कादंबरीचा खरा कणा विष नाही, कायदा आहे. वेल्श कायद्यात बापाने मान्य केलेल्या अनौरस मुलालाही वारसा मिळतो, इंग्लिश कायद्यात मिळत नाही. जमीन सरहद्दीच्या कोणत्या बाजूच्या कायद्याखाली येते, या एका प्रश्नावर एका माणसाचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. बाराव्या शतकातल्या वारसाहक्कावर प्रबंध वाचायला किती जण बसतील? इथे तोच प्रश्न लाखो लोकांनी जीव मुठीत धरून वाचला. याला हलकं म्हणायचं का?

आता त्या पुस्तकाकडे येतो, ज्यामुळे माझं मत पक्कं झालं. ‘वन कॉर्प्स टू मेनी’, १९७९. पार्श्वभूमी खरी आहे. इंग्लंडच्या गादीवरून स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यात यादवी पेटलेली. ११३८च्या उन्हाळ्यात स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि पकडलेल्या लढवय्यांना सरसकट फाशी दिली. ऑर्डरिक व्हिटालिस हा त्याच काळातला इतिहासकार, तोही श्रूजबरीजवळच जन्मलेला. त्याने किल्ल्यातल्या आर्नुल्फसह नव्वदहून अधिक माणसांच्या फाशीची नोंद केली आहे. पार्जिटरबाई हा आकडा ९४ धरतात. कॅडफेल त्या प्रेतांना न्हाऊ घालून पुरण्याची परवानगी मागतो, कामाला लागतो, आणि मोजतो. प्रेतं ९५ भरतात. पंच्याण्णवाव्या माणसाचा गळा आवळलेला आहे, पण फासाच्या दोराने नाही. कोणीतरी आपला खून राजाच्या कत्तलीत लपवला आहे. झाडाचं पान पानांच्या ढिगात टाकावं तसा.

राजाने मारलेल्या ९४ जणांबद्दल कोणी कोणाला जाब विचारू शकत नाही. ती शिक्षा आहे, तो युद्धाचा न्याय आहे, तसा रिवाज आहे. पंच्याण्णवाव्याबद्दल मात्र विचारता येतं. आणि एका माणसासाठी न्याय मागायला कोणीतरी उभं राहिलं की त्या उरलेल्या ९४ जणांचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. लेखिका तो एकदाही ओरडून विचारत नाही. राजाला राक्षस ठरवत नाही, त्याची आरतीही करत नाही. मला हे वाचताना आपल्याकडच्या लढायांची वर्णनं आठवतात. पानिपतावर लाख बांगडी फुटली हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. त्या लाखातल्या एकीबद्दल, ती कोणत्या गावची, तिचा माणूस खरोखर लढाईतच गेला का, असं विचारणारा मराठी कादंबरीत किती वेळा भेटतो? आकडा मोठा झाला की आपण माणूस मोजायचं सोडून देतो. रहस्यकथेला ते परवडत नाही, कारण तिचा सगळा डोलारा एका मृत माणसावर उभा असतो. त्या एकाचं नाव, त्याचे कपडे, त्याच्या मुठीत अडकलेली वस्तू, यांच्यावाचून ती पुढे सरकूच शकत नाही.

इतिहासाशी इमान राखण्याचा प्रश्न पहिल्याच कादंबरीत, १९७७च्या ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’मध्ये, त्यांनी फार विलक्षण रीतीने हाताळला. श्रूजबरीच्या मठाला प्रतिष्ठेसाठी एखाद्या संताचे अवशेष हवे होते. ११३८ मध्ये प्रायर रॉबर्ट हा मठाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी वेल्समधल्या ग्विदरिन गावी गेला आणि संत विनिफ्रेडच्या अस्थी उकरून घेऊन आला. हे सगळं घडलेलं आहे. रॉबर्टने स्वतः त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. पुढे सोळाव्या शतकात मठ बरखास्त झाला आणि ते स्थान उद्ध्वस्त झालं. पार्जिटरबाईंनी या नोंदीतला एकही शब्द खोटा पाडला नाही. प्रायर गेला, पेटी आली, गावाने मिरवणूक पाहिली, वृत्तान्त लिहिला गेला. फक्त त्या बंद पेटीत काय होतं, एवढा एकच प्रश्न त्यांनी उघडला. उत्तर मी सांगत नाही, ज्याने त्याने वाचावं. मात्र हे लक्षात घ्या की पुस्तक संपल्यावर वाचक अधिकृत नोंदीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. वृत्तान्त लिहिणारा कोण होता? त्याला काय हवं होतं? ज्यांच्या गावातून अस्थी नेल्या, त्यांचं म्हणणं कोणी लिहिलं? साधनांची चिकित्सा म्हणून इतिहासाच्या वर्गात जे शिकवलं जातं, ते इथे एका संध्याकाळी, गोष्ट वाचता वाचता, अंगवळणी पडतं.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नाहीत, आणि ते टाळून पुढे जाणं मला मान्य नाही. पहिला मुद्दा असा की कॅडफेल बाराव्या शतकातला वाटतच नाही. तो सहिष्णू आहे, स्त्रियांना समजून घेतो, चमत्कारांवर सहज विश्वास ठेवत नाही. हा विसाव्या शतकातला भला माणूस आहे, फक्त झगा जुना घातला आहे. या टीकेत तथ्य आहे. वीस पुस्तकं सलग वाचली तर त्याचा समंजसपणा कधीकधी फारच सोयीचा वाटतो, आणि संकटात सापडलेल्या तरुण जोडप्याची शेवटी गाठ घालून द्यायची सवय लेखिकेला शेवटपर्यंत सुटली नाही. पण शंका घेणं, स्वतःच्या विवेकाला विचारणं ही आधुनिकांची मालकी आहे, हे कोणी ठरवलं? कॅडफेल ज्या काळात वावरतो त्याच काळात फ्रान्समध्ये अबेलार हा तत्त्वज्ञ लिहीत होता की शंकेतून चौकशी सुरू होते आणि चौकशीतून सत्य हाती लागतं. आपल्याकडे सतराव्या शतकात तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ असं म्हटलं, ते काय उद्याच्या माणसाचं सोंग होतं? जुन्या काळातली सगळी माणसं एकसारखी भाबडी होती असं मानणं, हाच मला इतिहासाचा मोठा अपमान वाटतो. शिवाय पार्जिटरबाई जिथे काळाला धरून राहायला हवं तिथे राहतात. पंच्याण्णवाव्या प्रेताच्या तपासात पुरावा हाती येतो, तरी निवाडा होतो तो राजासमोर द्वंद्वयुद्धाने, कारण त्या काळाचा कायदा तो होता. तपास करणाऱ्याचं डोकं आपल्यासारखं असेल, पण निकाल देणारी व्यवस्था त्या काळाची आहे, आणि त्या दोहोंतला ताण हाच कादंबरीचा विषय आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. कल्पित लिहिलेलं लोकांच्या मनात इतिहास होऊन बसतं. नाशिककरांना हे दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. गंगापूर रोडवरून जाताना आधी आनंदवल्ली लागते, पुढे गंगापूर. आनंदवल्ली हे नाव आनंदीबाईंवरून पडलं. राघोबादादांचा वाडा तिथे होता. आणि गंगापूरला राहत होत्या गोपिकाबाई, नारायणरावांच्या मातोश्री. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. ज्या मुलाचा खून झाला त्याची आई आणि ज्या काकूवर त्या खुनाचा ठपका आला ती, या दोघींच्या आयुष्यातली काही वर्षं गोदावरीच्या एकाच काठावर, चालत जाण्याच्या अंतरावर गेलेली आहेत. महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला हे सांगेल. ते पत्र कुठे आहे? ते कोणी पाहिलं? अक्षर कोणाचं होतं, गारद्यांपैकी ते वाचणारा कोण होता, आणि धरण्याचा हुकूम असताना मारलं तर शिक्षा आपल्याला होईल ही भीती त्यांना का वाटली नाही? हे विचारणारा मात्र विरळा. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण लोकांच्या तोंडी जी गोष्ट राहिली ती रामशास्त्र्यांच्या चौकशीची नाही, बाईने खोडलेल्या अक्षराची.

म्हणजे विरोधकांची भीती खरी आहे: गोष्ट इतिहासाला गिळते. पण मला विचारायचं आहे, गिळणारी ही गोष्ट कोणत्या जातीची होती? ती रहस्यकथा नव्हती. रहस्यकथेत कोणी ‘तिने अक्षर बदललं’ असं म्हटलं, की पुढच्याच पानावर दुसरा कोणी कागद मागतो. शाई कोणती, वेळ कोणती, कागद नेणारा कोण, त्याला वाड्यात जायला वाट कोणती, हे विचारल्याशिवाय तिचं पान उलटत नाही. अडीचशे वर्षं एका स्त्रीवरचा आरोप बिनपुराव्याचा राहू शकला, तो आपल्याकडे सूडाच्या, त्यागाच्या आणि पश्चात्तापाच्या गोष्टी भरपूर होत्या म्हणून. चौकशीची गोष्ट नव्हती म्हणून. मी आनंदीबाईंना निर्दोष ठरवत नाही; तसं ठरवायलाही पुरावा लागेल. पण पुराव्यावाचून अस्वस्थ होणारा वाचक तयार करायचा असेल, तर तो राजांच्या आणि राण्यांच्या भावविव्हल कादंबऱ्यांतून तयार होणार नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलं तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला. नाना फडणवीस असे होते की नव्हते, यावर रणं पेटली. हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकर सांगत राहिले, ते फारसं कोणी ऐकून घेतलं नाही. त्या नाटकाची ताकद मी मानतो. पण मध्यभागी खरी, मोठी, लोकांच्या जिव्हाळ्याची व्यक्ती ठेवली की वाद तिच्या चारित्र्याभोवतीच फिरत राहतो, हेही त्यातून दिसलं. १७९१ साली पुण्यात कोतवालीच्या बंदिखोलीत कोंडलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मेले, जमाव खवळला आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं गेलं. त्या खोलीत कोणाला कोणी, कोणत्या हुकमाने कोंडलं, दाराशी पहारेकरी कोण होता, आतली हाक त्याला ऐकू आली की नाही? नानांच्या अब्रूच्या भांडणात हे प्रश्न कुठल्या कुठे गेले. पार्जिटरबाईंची रीत या सापळ्यातून बाहेर काढते. त्यांच्या पुस्तकांत स्टीफन राजा येतो, मठाधिपती रॅडल्फस येतो, प्रायर रॉबर्ट येतो. ही सगळी खरी माणसं. पण ती कडेला असतात आणि दप्तरात जे सापडतं त्याच्या विरुद्ध काही करत नाहीत. खून कल्पित, मेलेला कल्पित, खुनी कल्पित, तपास करणारा कल्पित. खरं असतं ते शहर, ते साल, तो कायदा, ती बाग, ती उपासमार. कोणाचे वंशज दुखावतील आणि कोणती समिती मोर्चा काढेल, हा प्रश्न यातून पूर्ण सुटतो असं नाही, पण त्याची धार नक्की बोथट होते. कारण आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाचाच पूर्वज उभा नसतो.

याच कसोटीवर मी असंही म्हणेन की नाशिकचा सर्वांत प्रसिद्ध खून या प्रकारासाठी निरुपयोगी आहे. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. भर नाट्यगृहात, सगळ्यांच्या देखत. खटला चालला, कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. तिथे ‘कोणी’ हा प्रश्नच नाही, आणि ‘का’ याचंही उत्तर न्यायालयाच्या कागदांत आहे. त्यावर रहस्य रचायला गेलं तर नसलेला संशय पेरावा लागेल, आणि तो मात्र खरोखरच इतिहासाशी दगाफटका ठरेल. विरोधकांनी बोट इथे ठेवावं. मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

मृत्यूचं कोडं करून मन रमवणं असभ्य आहे, असा आणखी एक आक्षेप ऐकू येतो. त्याच्याशी मी फार वेळ थांबत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि तरी त्यांना साहित्याच्या ओसरीवरच बसवलं गेलं. दुसरीकडे, २०२१ मध्ये याच नाशिकला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्षपदी जयंत नारळीकर होते, विज्ञानकथा लिहिणारे शास्त्रज्ञ. एका ‘लोकप्रिय’ प्रकारातून गंभीर विचार मांडता येतो हे तेव्हा आपण मान्य केलं आणि टाळ्याही वाजवल्या. मग दुसऱ्या प्रकाराला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचं कारण काय?

खरा अवघड आक्षेप एका ज्येष्ठ वाचकांनी घेतला. श्रूजबरीला मठ होता, मठात लिहिणारे होते, त्यामुळे लेखिकेला सामान्यांच्या जगण्याचे धागे सापडले. आपल्याकडे साधनं आहेत ती दरबाराची, सामान्य माणूस कागदावर आलाच कुठे? हे अर्धंच खरं आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते विचारून जमवलं. आपल्या गद्याचा आरंभच साक्षी गोळा करण्यातून झालेला आहे. मग तपासाची गोष्ट आपल्याला परकी कशी? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद रुमालांमागून रुमाल बांधून ठेवलेले आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यांतले निवडून ४५ खंड छापले, तो साठ्याचा लहानसा हिस्सा. त्यात तंटे आहेत, चोऱ्या आहेत, वतनाची भांडणं आहेत, बटकी पळून गेल्याच्या तक्रारी आहेत. आणि पंचवटीत तर आणखी एक भांडार आहे: तीर्थोपाध्यायांच्या वह्या. रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्या यजमानाचं गाव, कूळ, बाप-आजाची नावं, बरोबर कोण आलं होतं, हे त्या वह्यांत पिढ्यानपिढ्या उतरवलेलं आहे, पुष्कळदा येणाऱ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. एखाद्या माणसाच्या अस्थी दोनदा आल्या तर? मेला म्हणून ज्याची नोंद झाली, त्यानेच काही वर्षांनी बापाच्या नोंदीखाली सही केली तर? रहस्यकथेला याहून चांगलं दप्तर कोणत्या शहराकडे आहे? अडचण साधनांची नाही, मोडी वाचणाऱ्यांची आहे, आणि तिचं खापर रहस्यकथेवर फोडू नये.

आता जातीचा मुद्दा, कारण तो टाळून महाराष्ट्रातली कोणतीही जुनी गोष्ट खरी होणार नाही. कॅडफेल सगळीकडे जाऊ शकतो. मठवासी म्हणून वाड्यात, वैद्य म्हणून झोपडीत, वेल्श म्हणून सरहद्दीपलीकडे. अठराव्या शतकातल्या पंचवटीत असा सर्वत्र जाणारा माणूस कुठून आणणार? घरागणिक उंबरे, उंबऱ्यागणिक विटाळ. १९३० साली, इंग्रजांच्या राज्यात, काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तरीही ते दार वर्षानुवर्षं उघडलं नाही. मग त्याच्या दीडशे वर्षं आधी मंदिराच्या आवारात प्रेत सापडलं असतं, तर चौकशी कोणी केली असती, आणि कोणाला आत पाऊलही टाकता आलं नसतं? विरोधक म्हणतात की म्हणूनच आपल्याकडे हा प्रकार शक्य नाही. मला वाटतं, म्हणूनच तो हवा. कारण इथे तपासाला अडवणारी भिंत खुन्याने उभारलेली नाही, समाजाने उभारलेली आहे, आणि वाचकाला ती प्रत्येक प्रकरणात डोक्यावर आपटणार आहे. उपदेशाचं एक वाक्यही न लिहिता.

आणि सर्व उंबरे ओलांडणारी माणसं अगदीच नव्हती असंही नाही. सुईण होती. सरदाराच्या वाड्यातल्या माजघरात ती जात होती, कोळ्याच्या झोपडीतही जात होती. कोणाच्या घरी मूल कधी जन्मलं, कोणतं जन्मलंच नाही, कोणाच्या अंगावर कसले वळ होते, कोणत्या विधवेच्या घरी कोणता काढा उकळला गेला, हे गावात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिची साक्ष पंचांपुढे चालली असती का? तिचं म्हणणं दुसऱ्या कोणाच्या तोंडून वदवून घ्यावं लागलं असतं. एखाद्या कारकुनाच्या, एखाद्या उपाध्यायाच्या, किंवा गंगापूरला मुलाच्या खुनाचं दुःख घेऊन बसलेल्या एखाद्या बाईसाहेबांच्या. सत्य तिच्यापाशी आणि ते बोलण्याचा अधिकार भलत्याच माणसापाशी, अशी ही मांडणी. नाशिकच्या लिहित्या मुलामुलींपैकी कोणी ही सुईण घ्यावी, तिला नाव द्यावं, आणि पंचवटीतल्या एका वहीत न जुळणाऱ्या एका नोंदीसमोर तिला नेऊन उभं करावं.